नव्या लॅपटॉपचे तीन आवाज

"मागे काहीतरी वाजतंय गं," बाबा म्हणाले. "बारीक आहे, पण थांबत नाही."

काचबिंदूमुळे बाबांना आता दिसत नाही. गेली चार वर्षं मी त्यांच्यासाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. रात्री घर झोपलं की एक प्रकरण वाचायचं, दुसऱ्या दिवशी दुपारी ते ऐकतात. जुना लॅपटॉप बंद पडल्यावर नवा घेतला आणि त्यावर वाचलेलं हे पाचवं प्रकरण होतं. म्हणजे आधीची चार त्यांनी तसाच आवाज सोसत ऐकली होती. मला वाईट वाटेल म्हणून बोलले नाहीत.

मी हेडफोन लावून ऐकलं. पहिल्यांदा काहीच कळेना. मग आवाज वाढवला आणि दोन वाक्यांमधल्या विरामावर कान रोखले, तेव्हा सापडला. एकसुरी, न हलणारा 'टीं'. मी श्वास घेण्यासाठी थांबले की तो वर यायचा, बोलू लागले की शब्दांखाली दडायचा. डोळ्यांनी दिसणारा माणूस पुस्तक ऐकताना खिडकीबाहेर बघतो, हातातलं काम करतो. बाबांना त्या तासाभरात त्या आवाजाशिवाय दुसरं काही नसतं. मला फार लागलं ते.

त्याच संध्याकाळी माझा अकरा वर्षांचा मुलगा त्या टेबलाशी अभ्यासाला बसला होता. म्हणाला, "आई, तुझा लॅपटॉप शिट्टी मारतोय." मी कीबोर्डवर वाकून कान लावला तेव्हा मलाही काहीतरी चिरचिरल्यासारखं जाणवलं. म्हटलं, हाच तो. बाबांना हाताला धरून टेबलाशी आणलं, तर ते म्हणाले, "मला इथे काहीच ऐकू येत नाही." मुलाला रेकॉर्डिंग ऐकवलं, तर तो म्हणाला, "हा तो नाहीये. हा जाड आहे." दोघांनी मला उत्तर हातात दिलं होतं आणि मी ते घेतलं नाही. आवाज एकच आहे असं धरून चालले. त्या एका गृहीतकापायी पुढचे तीन आठवडे गेले, आणि लॅपटॉप परत करायची मुदतही.

माझी मांडणी साधी आहे. एक कंडेन्सर माइक, तो जोडलेला सहा वर्षांचा जुना ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपला समजेल अशा माहितीत बदलणारा डबा), इंटरफेसमधून एक यूएसबी वायर लॅपटॉपला आणि दुसऱ्या बाजूने दोन वायरी टेबलावरच्या स्पीकरना. इंटरफेसला स्वतःचा अडॅप्टर नाही, तो लागणारी सगळी वीज यूएसबीमधूनच घेतो. नव्या लॅपटॉपला जुन्या पद्धतीचं यूएसबी भोकच नाही, फक्त दोन टाइप-सी. म्हणून मी एक छोटा हब घेतला होता आणि त्यातच इंटरफेस, हार्ड डिस्क आणि चार्जर तिन्ही खोचले होते. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरला.

पहिले तीन आठवडे मी जे केलं ते थोडक्यात सांगते, कारण बहुतेक जण तेच करतात. वायरवर चिमटा मारून बसवायचे फेराइटचे काळे मणी आणले. काही फरक पडला नाही, आणि पडणारही नव्हता. असा मणी काही मेगाहर्ट्झच्या पुढच्या, म्हणजे रेडिओच्या पट्ट्यातल्या खरखरीला अडवतो. हजार-दोन हजार हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांचा, कानाला ऐकू येणारा सूर त्यातून आरामात निघून जातो. मग महागातली यूएसबी वायर आणली. तिनेही काही झालं नाही.

मग सॉफ्टवेअरने आवाज पुसायला घेतला. विरामाचा एक तुकडा निवडायचा, 'हा नको असलेला आवाज' असं प्रोग्रामला शिकवायचं आणि सगळ्या रेकॉर्डिंगमधून तो वजा करायचा. ऐकायला स्वच्छ वाटलं. मी खूश होऊन बाबांना फाइल दिली. संध्याकाळी ते म्हणाले, "आवाज गेला, पण तुझे च आणि स बोबडे झालेत." मी नीट ऐकलं. मराठीत 'चाक'मधला च वेगळा आणि 'चिमणी'मधला वेगळा. एकात जीभ दातांच्या मुळाशी टेकते, दुसऱ्यात टाळूकडे सरकते. दोन्हींतला फरक वरच्या पट्टीतल्या सळसळीत असतो, साधारण तीन-चार हजार हर्ट्झच्या पुढे. प्रोग्रामने नेमकी तीच सळसळ खरवडून काढली होती. पुस्तक वाचून दाखवायचं आणि त्यातली भाषाच पुसट करून द्यायची, हे मला मान्य होणं शक्य नव्हतं. त्या दिवशी ठरवलं की आवाज नंतर पुसायचा नाही, तो येतो कुठून ते शोधायचं.

वही घेतली आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची असा नियम केला.

पहिला प्रयोग चार्जर काढण्याचा. काढल्याबरोबर स्पीकरमधली एक घरघर गप्प झाली. ही घरघर मी इतके दिवस ऐकत होते, पण तिची तक्रारही केली नव्हती, कारण नव्या यंत्राची सवय होईल असं वाटत होतं. माउस हलवला की स्पीकरमध्ये बारीक किरकिर, पान वरखाली सरकवलं की गुरगुर. चार्जर लावला की सुरू, काढला की बंद. पण बॅटरीवर केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये 'टीं' जसाच्या तसा होता. म्हणजे ही घरघर तिसरीच काहीतरी होती, आणि ती रेकॉर्डिंगमध्ये उतरतच नव्हती.

दुसऱ्या प्रयोगाने सगळं उलगडलं. दहा मीटरची लांब माइकची वायर एका मैत्रिणीकडून आणली. माइक शेजारच्या खोलीत नेला, कपड्यांच्या कपाटात ठेवला, कपाट बंद, खोलीचं दार बंद. लॅपटॉप आणि इंटरफेस जागचे हलवले नाहीत. अर्धा मिनिट शांतता रेकॉर्ड केली. मग माइक परत टेबलावर आणून, लॅपटॉपपासून नेहमीच्या चाळीस सेंटिमीटरवर ठेवून पुन्हा अर्धा मिनिट.

दोन्ही तुकडे ऑडॅसिटी या मोफत प्रोग्राममध्ये उघडले. त्यात आवाजाचा आलेख काढायची सोय आहे. आडव्या रेषेवर हर्ट्झ, म्हणजे सूर किती उंच, उभ्या रेषेवर डेसिबल, म्हणजे आवाज किती मोठा. टेबलावरच्या तुकड्यात दोन गोष्टी दिसत होत्या. एक, कुंपणाच्या खांबांसारख्या सरळ उभ्या रेघा: बरोबर १०००, २०००, ३०००, ४००० हर्ट्झवर, पुढे बुटक्या होत जाणाऱ्या. दुसरी, साडेनऊ हजारांच्या आसपासचा एक उंचवटा, जो दर वेळी थोडा इकडेतिकडे सरकत होता. कपाटातल्या तुकड्यात उंचवटा पार नाहीसा झाला होता. खांब मात्र होते तिथेच, होते तेवढेच.

मी कितीतरी वेळ त्या दोन चित्रांकडे बघत बसले. उंचवटा हवेतून येत होता, दार लावलं की अडला. खांब तारेतून येत होते, त्यांना दार-भिंत काही नव्हतं. उंचवटा म्हणजे मुलाची शिट्टी. खांब म्हणजे बाबांचा 'टीं'. आणि दोघंही पहिल्याच संध्याकाळी बरोबर बोलले होते. लहान मुलाला वीस हजार हर्ट्झच्या आसपासपर्यंत ऐकू येतं. वय वाढतं तसं वरच्या टोकापासून ऐकणं ओसरत जातं, म्हणून बाबांच्या कानाला साडेनऊ हजार पोचतच नव्हते. पण हजार हर्ट्झ त्यांना माझ्याहून स्पष्ट ऐकू येतो, कारण ते ऐकण्यावरच जगतात.

खांब बरोबर हजाराच्या पाढ्यात का? याचं उत्तर यूएसबीच्या घडणीत आहे. माझ्या जुन्या इंटरफेसच्या वेगाला, म्हणजे सेकंदाला १ कोटी २० लाख बिटच्या 'फुल स्पीड'ला, यूएसबी दर मिलिसेकंदाला एक फ्रेम, म्हणजे माहितीचा एक हप्ता, पाठवते. सेकंदाला बरोबर एक हजार. प्रत्येक फ्रेमबरोबर इंटरफेस विजेचा एक छोटा घोट घेतो, पाच व्होल्टच्या तारेवर तेवढाच हिसका बसतो, आणि हजार हिसके म्हणजे हजार हर्ट्झचा सूर. नव्या, जास्त वेगाच्या इंटरफेसमध्ये दर फ्रेमचे आठ भाग होतात, म्हणून तिथे तक्रार असते ती आठ हजार हर्ट्झच्या शिट्टीची. आपल्या आलेखात १००० किंवा ८००० वर उभी रेघ दिसली, तर यूएसबीच्या तारेकडे आधी बघावं.

हिसका माइकपर्यंत कसा पोचतो तेही तपासलं. कंडेन्सर माइकला ४८ व्होल्ट लागतात. ते इंटरफेस आतल्या आत यूएसबीच्या पाच व्होल्टपासून चढवून बनवतो. मूळ पाच व्होल्ट अस्वच्छ असतील, तर अठ्ठेचाळीसही अस्वच्छ. मैत्रिणीचाच साधा डायनॅमिक माइक लावला, ज्याला ४८ व्होल्टची गरज नाही, आणि ते बटण बंद केलं. त्याला इंटरफेसचा गेन, म्हणजे माइकचा आवाज किती पट करायचा ते, बराच वाढवावा लागला, तरी खांब नव्हते. तारेतला आवाज ४८ व्होल्टच्या वाटेने आत शिरत होता, हे नक्की झालं.

आता उपाय. छोटा हब काढून इंटरफेस थेट लॅपटॉपच्या टाइप-सीला जोडला, तर खांब दहा-बारा डेसिबलने बुटके झाले. तेवढा आवाज हार्ड डिस्क आणि चार्जर त्याच हबवर असल्यामुळे होता. पण खांब पूर्ण गेले नाहीत. मग यूएसबी आयसोलेटर मागवला. हा छोटा डबा लॅपटॉप आणि इंटरफेस यांच्यातला विजेचा प्रत्यक्ष संबंध तोडतो आणि फक्त माहिती पलीकडे पोचवतो. माझ्या डब्यातली चिप अॅनालॉग डिव्हाइसेसची एडीयूएम ४१६० होती. तिचा वेग तोच, सेकंदाला १ कोटी २० लाख बिट. मला तो पुरेसा होता, कारण दोन वाहिन्यांचा, १६ बिटचा, ४८,००० नमुन्यांचा आवाज म्हणजे सेकंदाला जेमतेम १५ लाख ३६ हजार बिट. पण पलीकडच्या बाजूला देता येणारी वीज फारच कमी निघाली. इंटरफेसचा दिवा लागायचा आणि ४८ व्होल्टचं बटण दाबलं की विझायचा. असा डबा घेताना वेगापेक्षा, तो पलीकडे किती मिलिअँपिअर देतो ते आधी वाचावं.

शेवटी लागू पडला तो सर्वांत साधा उपाय: स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब. इंटरफेसला वीज आता हबच्या अडॅप्टरमधून मिळते, लॅपटॉपमधून फक्त माहिती. पुन्हा अर्धा मिनिट शांतता, पुन्हा आलेख. १००० वर जिथे खांब होता तिथे आता माइकच्या स्वतःच्या मंद सूंऽऽमध्ये बुडालेली सपाट रेघ होती. मी ती फाइल तीनदा ऐकली.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. ऑडिओबुक स्वीकारणाऱ्या एसीएक्स या मंचाची अट आहे की शांत भागातला आवाज सरासरी −६० डेसिबलपेक्षा वर नसावा (शून्य म्हणजे रेकॉर्डिंगची कमाल पातळी). माझी पहिली, 'टीं' असलेली रेकॉर्डिंगही या अटीत बसत होती. आकडा ठीक आणि तरी बाबांना ऐकू येत होतं, कारण सगळ्या पट्टीवर पसरलेली सळसळ आणि एकाच ठिकाणी एकवटलेला सूर यांची पातळी सारखी मोजली गेली तरी कानाला सूर कितीतरी ठळक लागतो. सरासरीचा आकडा बघून समाधान मानू नये, आलेखात टोकदार रेघ आहे का ते बघावं.

स्पीकरची घरघर त्या मानाने सरळ होती. लॅपटॉपचा चार्जर तीन पिनांचा, स्पीकरचा प्लगही तीन पिनांचा. दोन्हींचं अर्थिंग भिंतीत एक आणि इकडे यूएसबी वायर, इंटरफेस, ऑडिओ वायर यांच्यामार्फत दुसऱ्यांदा एक. असा पुरा फेरा तयार होतो, त्याला ग्राउंड लूप म्हणतात. लॅपटॉपच्या आतल्या कामाचे उलटसुलट प्रवाह त्या फेऱ्यात फिरतात आणि ऑडिओ वायरच्या जाळीवर, म्हणजे आतल्या तारेभोवतीच्या धातूच्या वेष्टणावर, बारीकसा व्होल्टेज उभा करतात. साध्या वायरीत जाळी हीच आवाजाचीही परतीची तार असते, त्यामुळे स्पीकरला खरा आवाज आणि ही भर यांतला फरक कळत नाही. माझ्या इंटरफेसला आणि स्पीकरना दोघांनाही बॅलन्स्ड जोडणीची सोय होती, मीच जुन्या वायरी वापरत होते. टोकावर दोन काळ्या कड्या असलेल्या वायरी आणल्या. त्यांत आवाज दोन तारांवर उलटसुलट जातो आणि स्पीकर फक्त दोघींतला फरक घेतो, दोघींवर सारखीच बसलेली भर वजा होते. घरघर त्याच क्षणी संपली. ज्यांच्या स्पीकरला ही सोय नाही त्यांना वायरीत मध्ये बसवायचा एकास एक प्रमाणाचा छोटा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर मिळतो, तो तेच काम करतो.

पण त्याआधी एका जाणत्या समजल्या जाणाऱ्या परिचितांनी सांगितलं होतं, "चार्जरची अर्थची पिन काढून टाका, आवाज जाईल." आवाज जाईल हे खरं आहे. म्हणूनच हा सल्ला इतका पसरलेला आहे आणि म्हणूनच मला त्याची भीती वाटते. चार्जरच्या आत बिघाड होऊन धातूच्या भागात वीज उतरली, तर ती जमिनीत नेऊन सोडण्यासाठी ती पिन असते. ती काढली की वीज वाट शोधते ती माणसातून. माझे ओठ धातूच्या माइकच्या जाळीपासून चार बोटांवर असतात आणि माझा मुलगा तोच लॅपटॉप हाताळतो. कृपया कुणीही हे करू नये. चार्जर काढून, बॅटरीवर ठेवून तपासणी करा. निदान तेच होतं आणि धोका नसतो.

आता शिट्टी. तिला मी शेवटी हात घातला, कारण ती सर्वांत अवघड होती.

आधी ती नेमकी कुठून येते ते शोधलं. जाड कागदाची एक नळी केली, एक टोक कानाशी, दुसरं कीबोर्डवरून हळूहळू फिरवलं. डाव्या कोपऱ्यात काही नाही, मधे काही नाही. वरच्या ओळीतल्या आकड्यांच्या कळांच्या मागे, पंख्याच्या अलीकडे, एका रुपयाएवढ्या जागेत ती स्पष्ट होती. तिथेच खाली प्रोसेसर आणि त्याला वीज पुरवणारे भाग असतात.

चार्जरमधून किंवा बॅटरीतून येणारा दाब दहा-वीस व्होल्टचा. प्रोसेसरला लागतो साधारण एक व्होल्ट, पण प्रवाह कितीतरी अँपिअर, आणि तो क्षणाक्षणाला बदलता. हे रूपांतर करायला मदरबोर्डवर छोट्या छोट्या कॉइल असतात आणि त्यांना सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद केलं जातं. प्रवाह बदलला की कॉइलमधलं चुंबकत्व बदलतं, तारेचे वेढे एकमेकांना ओढतात-ढकलतात आणि आतला गाभाही किंचित आकार बदलतो. चुंबकत्वाने लोखंडाची लांबी बदलते हे जेम्स जूल यांनी १८४२ मध्येच दाखवलं होतं. जवळच्या सिरॅमिक कपॅसिटरचीही, म्हणजे वीज क्षणभर साठवणाऱ्या भागांचीही, यात साथ असते. त्यांतलं बेरियम टायटनेट व्होल्टेज बदललं की आकसतं-फुगतं, आणि त्याला धरून असलेला बोर्ड तबकडीसारखा कंप पावतो.

मग लाखो वेळा होणारी गोष्ट ऐकू कशी येते, आपला कान तर वीस हजारांवर थांबतो? हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. उत्तर वीज वाचवण्यात आहे. प्रोसेसरला काम नसलं की वीज पुरवणारं सर्किट सतत चालू-बंद करणं सोडतं आणि झटक्या-झटक्याने काम करतं: थोडी वीज द्यायची, थांबायचं, पुन्हा द्यायची. हे झटके सेकंदाला काही हजार असतात, म्हणजे थेट आपल्या कानाच्या पट्टीत. प्रोसेसर स्वतःही रिकाम्या वेळी क्षणभर झोपतो आणि जागा होतो. म्हणून लॅपटॉप जोरात काम करत असताना शिट्टी कमी आणि मी शांतपणे बसून वाचत असताना जास्त. मला शांतता हवी असते नेमक्या त्याच वेळी ती जास्त होते, याचं कोडं सुटलं तेव्हा राग जरा ओसरला. तो बिघाड नव्हता, काटकसर होती.

सर्व्हिस सेंटरमध्ये मी तीनदा गेले. पहिल्यांदा समोरच्या हॉलमध्ये, एसी, पंखे आणि माणसांच्या गर्दीत, तिथल्या मुलाने लॅपटॉपला कान लावला आणि म्हणाला, "मॅडम, यात काही आवाज नाही." दुसऱ्यांदा मी फोनवर केलेलं रेकॉर्डिंग आणि आलेख घेऊन गेले. तिथल्या प्रमुखांनी चित्र न बघताच सांगितलं, "हे नॉर्मल आहे." तिसऱ्यांदा मी विनंती केली की आतल्या शांत खोलीत पाच मिनिटं बसू द्या. एक तरुण तंत्रज्ञ तयार झाला. त्याने दार लावलं, टेबलावरचा पंखा बंद केला, लॅपटॉप सुरू करून मला म्हणाला, "काही बोलू नका." दहा सेकंदांनी त्याने मान हलवली. "येतोय. चांगलाच येतोय."

वॉरंटीत मदरबोर्ड बदलून मिळाला. आठ दिवस लागले. नव्या बोर्डाचीही शिट्टी होती, मात्र थोडी खालच्या सुराची आणि मंद. त्या तंत्रज्ञाने ते आधीच सांगितलं होतं: रचना तीच, भाग तेच, एखाद्या कॉइलला गोंद किंवा लाख जरा जास्त लागली असेल तर ती कमी हलते, एवढाच फरक. त्याच्या प्रांजळपणाबद्दल मला आदर आहे. ज्यांनी 'नॉर्मल' म्हटलं त्यांच्याबद्दल मात्र अजून तक्रार आहे. ज्याला ऐकू येत नाही त्याने, ज्याला ऐकू येतं त्याला 'आवाज नाही' असं सांगायचं, हा न्याय नव्हे. लॅपटॉप दिवसभर हाताच्या अंतरावर असतो. वजन, बॅटरीचे तास, पडद्याचा उजेड हे सगळं खोक्यावर छापतात, तर शांत खोलीत तो किती वाजतो हेही सांगायला हवं. आणि विकत घेणाऱ्याने पहिल्याच रात्री, पंखा बंद करून, घरातल्या सर्वांत लहान माणसाला शेजारी बसवून तो ऐकावा. तेव्हा परत करायची मुदत हातात असते.

उरलेली शिट्टी कमी करायला मी सेटिंगमध्ये फिरले. पडदा सेकंदाला १२० वेळा ताजा होत होता, तो ६० वर आणला. पान सरकवताना येणारी चिरचिर निम्म्याने कमी झाली. पॉवरच्या प्रगत सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के केली. त्याने टर्बो, म्हणजे क्षणभर वेग वाढवण्याची उडी, बंद होते. शिट्टीत अधूनमधून येणारे चढ गेले, मूळ सूर राहिला. प्रोसेसरची झोप बंद करायची सोय काही लॅपटॉपच्या बायॉसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, असते, माझ्या लॅपटॉपमध्ये नव्हती. रेकॉर्डिंग करताना मुद्दाम एखादं हलकं काम मागे चालू ठेवून पाहिलं. शिट्टी दबली, पण दहा मिनिटांत पंखा सुरू झाला. ते सोडून दिलं.

खरा उपाय अंतराचा होता. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज सहा डेसिबलने घटतो. चाळीस सेंटिमीटरचे तीन मीटर वीस केले, तर तीन वेळा दुप्पट, म्हणजे अठरा डेसिबल. खोलीत भिंतींवरून परतणारा आवाज धरता तेवढे मिळत नाहीत, पण बरेच मिळतात. माइकची वायर बॅलन्स्ड असल्यामुळे दहा मीटर झाली तरी बिघडत नाही. यूएसबीची मात्र फार लांबवू नये, यूएसबी २.० साठी पाच मीटर ही हद्द आहे. म्हणून लॅपटॉप, हब आणि इंटरफेस एकत्र खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेले आणि फक्त माइक माझ्याजवळ आणला. माझा माइक कार्डिऑइड आहे, तो समोरचं ऐकतो आणि पाठीमागचं सर्वांत कमी. तेव्हा त्याची पाठ बरोबर लॅपटॉपकडे केली. पुस्तक मी आता छापील घेऊन वाचते. रेकॉर्डिंग सुरू करायला उठून जावं लागतं, मग परत येऊन बसायचं, पाच सेकंद श्वास स्थिर होऊ द्यायचा, आणि वाचायला लागायचं.

पहिल्या रात्रीच्या रेकॉर्डिंगचा आलेख काढला. खांब नाहीत. उंचवट्याच्या जागी एक अंदाजाने ओळखता येईल अशी फुगवटी, तीही माइकच्या सळसळीत जवळपास बुडालेली. मुलाला ऐकवलं. त्याने डोळे मिटून पूर्ण मिनिटभर ऐकलं आणि म्हणाला, "आई, इथे तू पान उलटलंस." बस, तेवढंच ऐकू आलं त्याला.

बाबांना काही न सांगता फाइल दिली. दुपारी त्यांच्या खोलीवरून जाताना पाहिलं तर ते खुर्चीत मागे रेलून बसले होते, हात मांडीवर, एरवी कानाशी धरलेला स्पीकर खिडकीत ठेवलेला. प्रकरण संपेपर्यंत मी दारातच उभी राहिले.

संध्याकाळी म्हणाले, "आता मध्ये काही नाही." थोड्या वेळाने विचारलं, "आधीची जी झाली, ती तशीच ठेवणार का?"

एकूण नऊ प्रकरणं होती. कालपर्यंत चार पुन्हा वाचून झाली.